दादाचं प्रकरण

रविवारी दुकान बंद असतं. तरी मधल्या भावानं शटर कमरेएवढं वर ढकललं आणि पाण्याच्या पंपाची एक मोटर खोलून बसला. काम तातडीचं नव्हतं. वर घरात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते आणि त्याला वर जायचं नव्हतं, एवढंच.

मोटर चांगलीच जळाली होती. वाइंडिंग काळं पडून त्याचे पोपडे निघत होते. जुनी तार कापून उपसायची, खाचा साफ करायच्या, नवा कागद घालायचा, नवी तार भरायची, मग सगळं वॉर्निशात बुडवून टांगायचं आणि भट्टीत सुकवायचं. हे सगळं त्याला दादानं शिकवलं होतं. दादाला जाऊन दोन वर्षं होत आली, तरी गिऱ्हाईक अजून आधी भिंतीवरच्या फोटोकडे बघायचं आणि मग मधल्याकडे. "दादांच्या हातची मोटर होती हो, कधी बघावी लागली नाही," असं म्हणायचं. मधल्याला त्याचं वाईट वाटत नसे. त्या फोटोवर दुकान चालतं हे त्याला ठाऊक होतं.

म्हणूनच तो अडून बसला होता. धाकट्या बहिणीची कादंबरी एका प्रकाशकानं स्वीकारली, हे कळल्यावर त्यानं आधी अभिनंदन केलं आणि मग विचारलं, "आपण आहोत का त्यात?" ती म्हणाली, "एक मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. तीन भावंडं आहेत." मधला म्हणाला, "मग छापायच्या आधी दादाचं प्रकरण घरात वाचून दाखव. आईसमोर, वहिनींसमोर." धाकटी फोनवर एवढंच म्हणाली, "बरं." भांडायचंही त्राण नसल्यासारखं ते 'बरं' होतं. त्याला जरा अपराधी वाटलं, पण त्यानं शब्द मागे घेतला नाही.

शटरखालून वाकून धाकटी आत आली. खांद्याला इस्पितळात कामाला जाताना नेते तीच पिशवी.

"आज पण काम?"

"हात रिकामे राहिले की डोकं चालतं," मधला म्हणाला. "कागद आणलेस?"

"आणलेत."

"एक सांग. वाईट काही लिहिलंयस का त्याच्याबद्दल? आत्ताच सांग, म्हणजे वर सगळ्यांसमोर मी तोंडघशी पडायला नको."

धाकटीनं फोटोकडे बघितलं. "नाही रे भाऊ. उलट मला भीती वाटते ती वेगळीच. फार चांगला झालाय की काय."

"चांगल्याची कसली भीती," मधला म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या खांद्यांवरचा ताण जरा उतरला. "चल, मी हात धुऊन येतो."

धाकटी जिना चढायला लागली.

जिना लोखंडी. दुकान आणि घर यांच्या मधोमध तो वळतो, आणि त्या वळणावरची पायरी इतर पायऱ्यांपेक्षा रुंद आहे. तिचं सगळं लहानपण त्या पायरीवर गेलं. खाली हातोडीचा ठोका, वर भांड्यांचा आवाज, आणि मध्ये ही, मांडीवर पुस्तक. "हिला औषधाची बाटली दिली तर आधी लेबल वाचेल, मग झाकण उघडेल, तोवर रोगी बरा झालेला असेल," असं दादा म्हणायचा. घरातल्या मोठ्या घटना तिला पुस्तकांवरून आठवत. वडिलांचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला तेव्हा खलाशांची गोष्ट चालू होती. दादाच्या लग्नात, मांडवाच्या मागं बसून, बर्फात वाट चुकलेल्या डॉक्टरची. भाची जन्मली त्या दिवशी वाचनालय बंद होतं म्हणून तिनं वर्तमानपत्रातल्या लिलावाच्या जाहिराती वाचल्या होत्या.

पुढे नुसतं वाचून पोट भरेना. आवडलेल्या कादंबरीतलं एखादं प्रकरण ती हातानं उतरवून काढायची. माणूस खोलीत येतो कसा, हे बघायला. चांगला लेखक 'तो चिडला' असं म्हणत नाही, त्याला डब्याचं झाकण शोधायला लावतो आणि सापडू देत नाही, हे तिला असं उतरवतानाच कळलं. मग वाचनालयाच्या पुस्तकांत ती पेन्सिलीनं अगदी फिकट खुणा करायला लागली: इथं मला कंटाळा आला, इथं लेखकाला कंटाळा आला, इथं याला पुढचं माहीत नाही म्हणून पाऊस पाडलाय. वाचनालयाच्या बाई दर वेळी ते खोडरबरानं पुसत आणि तिला पुढचं पुस्तक देत.

नोकरी लागली ती इस्पितळाच्या एक्स-रे विभागात. डॉक्टर हेडफोनमधून कानात रिपोर्ट सांगतात, ती टाइप करते. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, "हाड मोडलेलं 'नाही' असं लिहायचं नाही. मोडलेलं 'दिसत नाही' असं लिहायचं. आपण फक्त दिसतं तेवढंच सांगतो." लिखाणाबद्दल इतकं उपयोगी तिला दुसरं कुणी काही सांगितलं नाही. नोकरीवरून आल्यावर ती लिहायची. पहिली कादंबरी तिनं स्वतःच फेकली, दुसरी परत आली, तिसरी इतक्या वेळा बदलली की कुठला भाऊ खरा आणि कुठला लिहिलेला हे तिचं तिलाच आठवेनासं झालं. आता तिला आनंदही नको होता. संपायला हवं होतं. प्रकाशकाला होकार उद्या कळवायचा होता. शेवटचे कागद त्यांच्या हातात द्यायचे, आणि एखाद्या संध्याकाळी काहीही न करता भिंतीला टेकून बसायचं.

वर सगळे आपापल्या जागी होते. आई पलंगावर, पाठीला दोन उशा. भाची खाली जमिनीवर, आजीच्या पलंगाला टेकून. भाची म्हणजे दादाची एकुलती एक लेक, शाळेत गणित शिकवणारी. तिनं ते प्रकरण आधीच वाचलं होतं. दादाची बायको, वहिनी, स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती.

"बस ना गं वहिनी," धाकटी म्हणाली.

"ऐकायला काय, उभ्यानं पण ऐकता येतं," वहिनी म्हणाली. पण मग तिनं स्टूल ओढलं.

मधला ओल्या हातांनी आला आणि दाराशेजारच्या खुर्चीत, उठून जायची सोय ठेवून बसला.

धाकटी वाचायला लागली.

*

आईला कानानं बरं ऐकू येत होतं, पण आताशा शब्द तिच्यापर्यंत थोडे उशिरा पोचत. लेकीचा आवाज सपाट होता, दुसऱ्याचं वाचावं तसा. तरी हळूहळू पोरगं दिसायला लागलं. शाळेचा सदरा, बापाचा हात गेलेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा न सांगता दुकानात जाऊन बसलेला. तार मोजायला सुद्धा येत नव्हती त्याला. मग इस्पितळाचा पंप बंद पडला ती रात्र, अख्खी रात्र जागून त्यानं तो चालू केला, आणि सकाळी घरी आला तेव्हा बोटांची टोकं सोललेली. हे सगळं खरं होतं. आईनं डोळे मिटून घेतले. आपण मेल्यावर हे कुठंतरी राहील, असं तिला वाटलं.

भाचीनं मागं न बघता आजीचा हात धरला.

मधलाही आता खुर्चीत मागं टेकला होता. "कसं ना," तो मध्येच म्हणाला, "बोटांचं मी विसरलोच होतो. छान लिहिलंयस."

धाकटीनं मान हलवली आणि पान बदललं. पुढचा प्रसंग घरातल्या प्रत्येकाला पाठ होता. कुणी नवीन माणूस घरी आला की कुणीतरी तो सांगायचंच.

"'वहिनीला नोकरी लागली होती,'" ती वाचत होती. "'पहिल्या दिवसासाठी तिनं नव्या चपला आणल्या होत्या. दुपारी दादा वर आला. कुणाशी काही न बोलता त्यानं दारातल्या त्या चपला उचलल्या, मेलेला उंदीर धरावा तशा दोन बोटांत धरल्या, आणि खाली गेला. संध्याकाळी त्या सापडल्या. वॉर्निशातून काढलेल्या मोटरींच्या स्टेटरांच्या रांगेत त्याही टांगलेल्या होत्या. मधाच्या रंगाच्या, चकचकीत, दगडासारख्या कडक. आता दहा वर्षं गॅरंटी, दादा म्हणाला.'"

मधला हसला. अगदी मनापासून, पोट धरून. भाचीही हसली. आईच्या तोंडावरही हसू आलं, सवयीचं.

"'घर हसलं. वहिनी तर सगळ्यांत जास्त हसली. नोकरीचा विषय मग आपोआप मागं पडला. तसंही लेक लहान होती. जिन्यात बसलेली धाकटी बहीण मात्र पुस्तकात इतकी बुडाली होती की घर का हसतंय, हेही तिला कळलं नाही.'"

"अगदी अशीच होतीस तू," मधला डोळे पुसत म्हणाला. "घर जळलं असतं तरी पान संपवून उठली असतीस. जाऊ दे, माझी काही हरकत नाही. आई, तुझं काय म्हणणं?"

"माझं कसलं म्हणणं," आई म्हणाली. "चांगलं आहे."

"आणि वहिनी, तुमचं?"

वहिनीनं हातातलं फडकं घडी करून गुडघ्यावर ठेवलं.

"हे छापू नकोस," ती म्हणाली.

*

इतकी वर्षं आपण हे बोललो नाही, तर आज का बोललो, हे वहिनीला स्वतःलाही सांगता आलं नसतं. ती काही ठरवून बसली नव्हती. वाचन ऐकताना तिला एवढंच जाणवलं की पाय थंड पडलेत. आणि मग कंटाळा आला. त्या गोष्टीचा, ती ऐकून हसायचा. पाहुणे येत, गोष्ट निघे, ती हसे आणि चहा टाकायला उठे. आता ते छापून आलं, की ती कायमचीच हसत राहणार होती.

"का?" धाकटीनं विचारलं. तिनं कागद मांडीवर ठेवले. "काय चुकलं?"

"गॅरंटीचं हे बोललेच नाहीत. ते आई बोलल्या."

सगळ्यांनी पलंगाकडे बघितलं.

"हे काहीच बोलले नाहीत," वहिनी म्हणाली. "चपला नेल्या, टांगल्या, रात्री वर येऊन जेवायला बसले. मी ताट वाढलं. घरात कुणी तोंड उघडेना. तेवढ्यात आई म्हणाल्या, बरं झालं, आता दहा वर्षं गॅरंटी. मग हे हसले. हे हसले म्हणून सगळे हसले."

आई उशीवर सरळ झाली. "मी बोलले नसते तर तो किती दिवस बोलला नसता, ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे, आई."

"त्याच्या आधीच्या वेळी पावसाळा संपत आला तरी बोलत नव्हता. ताटाकडे बघायचा नाही. तू रडायचीस, पोरगी रडायची. मी काय करायला हवं होतं मग?"

"तुम्ही बरोबरच केलंत. म्हणून तर मीही हसले." वहिनीचा आवाज चढला नव्हता. "मी तुम्हाला बोल लावत नाहीये. पण तो विनोद नव्हता. घरात आपण काय म्हणायचं ते म्हणू. ही पुस्तकात कशाला लिहिते?"

मधला खुर्चीत पुढं सरकला. ज्या प्रकरणाविरुद्ध भांडायला तो आला होता, त्याच प्रकरणाची बाजू आता आपण घेतोय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

"वहिनी, दोन चपलांवरून एवढं काय? माणूस गेला आता. त्याचा स्वभाव होता तसा, सुंभ जळला तरी पीळ जाणार नाही असा. पण तुम्हाला काही कमी पडू दिलं का त्यानं? कधी हात उचलला?"

"नाही."

"मग? गेलेल्या माणसाबद्दल—"

"भाऊजी, मी गेलेल्या माणसाबद्दल बोलत नाहीये. माझ्याबद्दल बोलतेय. त्या कागदात मी हसते आणि संपते."

 मधल्यानं खुर्ची मागं सरकवली.

भाची जमिनीवरून उठली होती. वहिनीकडे बघताना तिचा चेहरा उतरला होता. "आई, तू मला हे कधी सांगितलं नाहीस. मी ही गोष्ट माझ्या वर्गात सांगितलीय. कितीदा तरी."

वहिनी यालाच घाबरत आली होती. दादा असतानाही आणि गेल्यावरही.

"तुझ्याशी ते चांगले होते," ती म्हणाली. "ते खोटं नव्हतं. तुला ताप आला की दुकान बंद करून बसायचे. तुझी वेणी घालायला शिकले, माझ्यापेक्षा चांगली घालायचे. ते तसेच होते, आणि हेही तसेच होते."

"मग मी काय करू आता?"

"काही करायचं नाही. तुझे बाबा तुझ्याजवळच राहू देत. मी काही परत मागत नाहीये."

 भाची स्वयंपाकघरात गेली, आणि आतून नळ सोडल्याचा आवाज आला. 

*

धाकटीला आधी राग आला. मग रागाचीही दमणूक वाटली.

"वहिनी," ती म्हणाली, "मी हे किती वेळा लिहिलंय, तुला माहीत नाही. एकेक वाक्य. नोकरीवरून येऊन, मान मोडेपर्यंत. उद्या त्यांना होकार कळवायचाय. त्यांना सगळ्या कादंबरीत हाच भाग जास्त आवडलाय."

"आवडणारच. हसू येतं ना."

हे बोलणं टोमण्यासारखं नव्हतं, आणि म्हणूनच ते आत गेलं. कारण धाकटीला ते आधीच माहीत होतं. त्या अख्ख्या प्रकरणात हाच एक प्रसंग असा होता जो तिनं एका बैठकीत लिहिला आणि नंतर त्यातला एक शब्दही बदलला नाही. बाकी पानं रक्त पिऊन गेली आणि हे पान आपणहून आलं. दुसऱ्यांच्या पुस्तकात असं गुळगुळीत पान दिसलं की ती समासात पेन्सिलीची खूण करायची: इथं लेखक बघत नाहीये, ऐकलेलं सांगतोय. स्वतःच्या पानावर ती खूण करायला तिचा हात उठला नव्हता. मधाचा रंग, मेलेला उंदीर, सगळं छान होतं. पण ते जेवणाच्या ताटावर इतकी वर्षं घासून गुळगुळीत झालेलं होतं, तिचं नव्हतंच.

"मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी तिथं होते, पण वाचत होते. जिन्यात."

"वाचत नव्हतीस."

"म्हणजे?"

"हातात पुस्तक होतं," वहिनी म्हणाली. "हे चपला घेऊन उतरले, तेव्हा तू पाय बाजूला घेतलेस, ह्यांना जाता यावं म्हणून. मी वर दारात उभी होते. खाली जाऊन परत आणाव्यात की कसं, काही कळत नव्हतं. बराच वेळ उभी होते मी. तुझी पाठ माझ्याकडे होती. तेवढ्या वेळात तू एकदाही पान उलटलं नाहीस."

धाकटीनं मांडीवरचे कागद पालथे केले.

"तू तर भराभर वाचायचीस. पानांचा आवाज वरपर्यंत यायचा. त्या दिवशी आला नाही." वहिनीनं गुडघ्यावरचं फडकं उलगडलं आणि परत तशीच घडी घातली. "मला तेव्हा बरं वाटलं होतं. म्हटलं, घरात एका माणसाला तरी कळलंय. लहान का असेना."

त्या दुपारी कुठलं पुस्तक होतं, हे धाकटीनं आठवून बघितलं. त्या वर्षीची सगळी पुस्तकं तिला आठवत होती. शिकाऱ्याचं, त्यानंतर दोन बहिणींचं, त्यानंतर लांबलचक, विहिरीत पडलेल्या अंगठीचं. त्या दुपारचं आठवेना. ते तिनं वाचलंच नव्हतं. आठवत होती ती मानेमागची एक जाणीव, वर कुणीतरी उभं आहे आणि आपण मान वळवली तर काहीतरी बोलावं लागेल, अशी. आणि जिन्यावरून खाली जाणारी दादाची पावलं. ती रागाची नव्हती. तो अगदी रोजच्यासारखा उतरला होता. ते तिनं कुठं लिहिलं नव्हतं.

"भाऊ," ती शेवटी म्हणाली, "उद्या मी त्यांना फोन करते. हे प्रकरण असं जाणार नाही म्हणून सांगते."

"काढून टाकणार?"

"नाही. परत लिहिणार."

"आणि ते थांबतील?"

"नाही थांबणार. बहुतेक पुस्तक पुढं ढकलतील. कदाचित नकोच म्हणतील." तिनं कागद गोळा केले. ते एका रेषेत बसेनात, ती ते मांडीवर आपटत राहिली. "मला वाटलं होतं, आज संपलं."

मधल्यानं आईकडे बघितलं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण झोपली नव्हती. "आई, तू तरी सांग हिला. लोक वाचतील. दुकानात येणारी माणसं वाचतील."

"तिला काय सांगू," आई म्हणाली. "बोटांचं लिहिलंय ना तिनं, ते ठेव म्हणावं. रात्रभर जागला होता तो. ते काढू नकोस."

"नाही काढत, आई."

"मग कर काय करायचं ते. मला आता पडू दे."

मधला उठला. दारात थांबला, काहीतरी कडक बोलायचं होतं, ते त्याला सापडलं नाही. "लिही," तो म्हणाला. "पण मला परत वाचून दाखवू नकोस." आणि तो जिना उतरून गेला. थोड्या वेळानं खालून तार कापल्याचा कट्-कट् आवाज यायला लागला.

*

आई पलंगावर पडून होती, आत नळ अजून चालूच होता; बोलायला दोघीच राहिल्या. धाकटीनं कागद पिशवीत घातले आणि वहिनीच्या स्टुलाशेजारी जमिनीवर, पाय लांब करून बसली. कंबर दुखत होती. या घरात वहिनी लग्न होऊन आली तेव्हा धाकटीच्या वेण्या तिनंच घातल्या, तिचे फ्रॉक तिनंच उसवून मोठे केले. कादंबरीत वहिनीच्या साड्यांचे रंग होते, तिची चालण्याची पद्धत होती, तिच्या हाताची चव होती. धाकटी मनातल्या मनात ती पानं चाळत होती आणि एका जागी येऊन अडकली.

"वहिनी, ती नोकरी कसली होती गं?"

वहिनीला प्रश्न कळायला जरा वेळ लागला.

"कोणती?"

"ज्याच्यासाठी चपला आणल्या होत्यास, ती."

वहिनी हसली. हे हसू वेगळं होतं, थोडं लाजरं. "कुणी विचारलंच नाही कधी."

"मीही नाही विचारलं. मी नुसतंच 'नोकरी' लिहिलंय."

"बसस्टँडवर," वहिनी म्हणाली. "चौकशीच्या खिडकीमागं खोली असते ना, तिथं माइक असतो. गाड्यांची घोषणा करायची. पस्तीस बायका आल्या होत्या की काय, मला आता आठवत नाही, पण खूप होत्या. प्रत्येकीला एक कागद वाचायला दिला. माझं वाचून झाल्यावर आतले साहेब बाहेर आले आणि म्हणाले, कोण बोललं हे? मग लगेच घेतलं मला."

"आणि मग?"

"मग काय. आठवडाभर तयारी केली. भांडी घासताना म्हणायचे, कपडे वाळत घालताना म्हणायचे. घाई करायची नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. माणसाच्या हातात सामान असतं, पोरं असतात, त्याला ऐकून वळायला वेळ द्यायचा. शब्द सुटा ठेवायचा." ती थांबली. "तू हे लिहिणार?"

"तू म्हणशील तरच."

 वहिनीनं फडकं बाजूला ठेवलं. स्टुलावर पाठ ताठ केली, हनुवटी थोडी वर घेतली, आणि समोरच्या भिंतीकडे बघत ती बोलली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवरील गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात."

आवाज मोठा नव्हता, पण खोली भरून गेली. तो पोटातून येत होता आणि उघडा, स्वच्छ, कुठंही न अडखळता पसरत होता. प्रत्येक शब्द सुटा होता आणि त्याच्यामागं पुढच्या शब्दाला पुरेल इतकी जागा होती. धाकटीनं हा आवाज या घरात कधीच ऐकला नव्हता. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला आणि भाची ओले हात तसेच धरून दारात येऊन उभी राहिली. खाली तार कापल्याचा आवाजही थांबला होता.

पलंगावर आईनं कूस बदलली. तिला डुलकी लागली होती.

"कोण आलंय गं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही, आई," वहिनी म्हणाली. "मीच आहे."